अक्काची खोगिरं, माझी फळी

अक्का माझ्याशी शेवटचं बोलली ते चहाबद्दल. "सुमे, आलं घालायला विसरलीस की घरातलं संपलंय?" मी म्हटलं, "संपलंय. आणि तुम्ही चार कप पिऊन झाल्यावर विचारताय." त्यावर तिनं कप खाली ठेवला आणि काठीनं भिंतीवर दोनदा ठोकलं. दोनदा ठोकणं म्हणजे 'आता जा, मी झोपते.' एरवी ती असं भिंतीपलीकडून ठोकायची. त्या दिवशी मी समोर उभी असताना ठोकलं, म्हणून मला रागच आला, आणि मी कप घेऊन तरातरा निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमचे हे स्वयंपाकघराच्या दारातून आत आले ते चपला घालून. आमच्या स्वयंपाकघरात चपला घालून यायची हिंमत लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी केली नव्हती. मी आधी पायांकडे बघितलं आणि ओरडले. मग तोंडाकडे बघितलं.

"अक्का उठत नाहीये," हे म्हणाले.

याला आता सात आठवडे झाले. माझी नात पुण्याहून फोन करते आणि म्हणते, आजी, तू अक्काआजीवर पेपरात लिही ना. लिहायचं म्हणजे एक अडचण आहे. अक्का माझी थोरली नणंद, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला कायम अहो-जाहो केलं आणि मनात कायम अगं-तुगं. इथे मनातलंच लिहिते. गेलेल्या माणसाला आता मान देऊन फसवण्यात अर्थ नाही, आणि ती फसणाऱ्यातली नव्हतीही.

माझ्या सासऱ्यांचे नाशिकला तीन टांगे होते. स्टेशनवरून पंचवटीत यात्रेकरू आणायचे. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले, पण घोडी राहिली आणि घोड्यांबरोबर अक्का राहिली. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायची आमच्या घरात सोय नव्हती. मी नवी नवरी असताना एकदा विचारलं, तर म्हणाली, "एक जण आला होता बघायला. घोड्याच्या मागच्या बाजूनं गेला." पुढे काही नाही. त्याला लाथ बसली की तेवढ्यावरून तो नापास झाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गंगापूर रोडला तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती. आमच्या प्लॉटच्या मागे पेरूची बाग होती, पुढे आमचं घर, आणि घराच्या पाठीला पाठ लावून पत्र्याची एक खोली. त्या खोलीत अक्का आणि तिची पाच खोगिरं राहायची. माणसाला झोपायला जागा किती लागते, असं ती म्हणायची, आणि खाट एका कोपऱ्यात सरकवून उरलेली सगळी खोली खोगिरांना द्यायची.

तेराव्याला खूप माणसं आली. अक्कानं तीसेक वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं, त्यातली कितीतरी मुलं आता पन्नाशीच्या आसपासची होऊन, पोटं सुटून, आमच्या अंगणात खुर्च्यांवर बसली होती. डॉक्टरांची नीता आली होती. तिनं सगळ्यांना मनगट दाखवलं. "मैना घोडीनं पाडलं होतं मला, तेव्हा इथे प्लास्टर होतं. अक्काताई रोज संध्याकाळी घरी यायच्या, प्लास्टरवर घोडा काढून द्यायच्या." लोक हसले. मग आमचे हे बोलायला उभे राहिले. बहिणीवर जीव, आणि तरी त्यांनी ती गोष्ट सांगितलीच. म्हणाले, "आमची अक्का घोड्यांच्या बाबतीत देवमाणूस. आयुष्यात एकदाच चुकली. खोगिराखाली हात घालून बघितलं नाही आणि मैनाची पाठ सोलवटली. पण एकदा झालं ते झालं. त्यानंतर मी रोज तपासायला लागलो, पुन्हा कधी चूक झाली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. मीही मान डोलावली.

मैनाची पाठ अक्कानं सोलवटली नव्हती. मी सोलवटली होती.

हे मी चाळीसहून जास्त वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि अक्कानंही सांगितलं नाही. तेराव्याच्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात बसलं, की आता हे आपण नाही सांगितलं तर ही बाई कायमची 'एकदाच चुकलेली' म्हणून राहणार. जिला खोगिरावर बसलेल्या पोराच्या नुसत्या मांड्या बघून कळायचं की घोड्याला कुठे टोचतंय, तिच्या नावावर माझी चूक. तर ऐका.

त्या वेळची मी म्हणजे एकोणतीस वर्षांची, गृहविज्ञानाची पदवी, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, आणि जगातली कुठलीही अडचण वस्तू नीट लावून ठेवल्या की सुटते असा ठाम समज. आज ती बाई मला भेटली तर मी तिला पाटावर बसवीन, हातात लाडू देईन आणि मागून एक टपली मारीन. लग्न होऊन आल्यावर मी या घरातले डबे उंचीप्रमाणे लावले, सासूबाईंचे देव उंचीप्रमाणे लावले, आणि मग लावायला काही उरलं नाही तेव्हा माझं लक्ष अक्काच्या खोलीकडे गेलं. तिथे भुशाची पाच पोती जमिनीवर पडलेली आणि प्रत्येक पोत्यावर एक खोगीर. बिनपायाची पाच घोडी बसल्यासारखी. पोती उंदरांनी कुरतडलेली, भुसा सांडलेला, आणि सगळ्या खोलीला घोड्याच्या घामाचा वास. मी रोज दारातून बघायची आणि रोज मला शिरशिरी यायची.

त्यात त्या वर्षी घरात ताण होता. आमचे हे शिक्षण खात्यात. शाळा तपासायचं काम. सुरगाण्यापासून निफाडपर्यंत फिरायचे, मुलांना पाढे विचारायचे आणि वहीत शेरा लिहायचे. त्यांचा आवडता शेरा 'समाधानकारक'. मी या घरात पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा मलाही तोच मिळाला होता. आजूबाजूला बंगले व्हायला लागले होते, लिदीच्या वासाच्या तक्रारी यायला लागल्या होत्या, आणि यांनी अक्काला सांगून टाकलं होतं, "या उन्हाळ्याचा क्लास बिनतक्रार पार पडला तर घोडी राहतील. नाहीतर अक्का, मी बाजारात नेऊन विकणार." अक्का 'बरं' म्हणाली आणि भाकरी खात राहिली. तिचा हात मात्र थांबून थांबून चालत होता, एवढं मला दिसलं. म्हणजे त्या मे महिन्यात अक्काचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं, आणि मला काय सुचलं? मांडणी!

क्लास सुरू व्हायच्या आधी अक्का एक तट्टू बघायला मालेगावकडे गेली, चार दिवसांसाठी. मी म्हटलं, येईपर्यंत आपण तिला चकित करू. सुतार बोलावला. तो म्हणाला, "वैनी, फळीवर काय ठिवायचं हाय?" मी म्हटलं, "सामान." तेवढंच सांगितलं. स्वयंपाकघरात ताटांची मांडणी असते ना, तशीच भिंतीवर तीन फळ्यांची लाकडी मांडणी करून घेतली, अगदी सरळ, अगदी गुळगुळीत, कडेला पट्टी. फळ्यांवर वर्तमानपत्राचे कागद घातले आणि कात्रीनं त्यांना नागमोडी झालर कापली. त्यावर खोगिरं ठेवली. वर एक, मध्ये दोन, खाली दोन... परातीत परात बसवावी तशी एकावर एक. मैनाचं सगळ्यात जड म्हणून सगळ्यात खाली. भुसा शेजारच्या म्हशींना देऊन टाकला, पोती जाळली. मग मी दारात उभी राहून ती झालर बघितली आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

अक्का आली. पिशवी हातातच. बराच वेळ बघत राहिली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"घोड्यांना विचारते," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्हाला कशी वाटली?"

"झालर छान कापलीस."

आता मला सांगा, या बाईनं तेव्हा ओरडायला नको होतं? दिवसभर मला ओरडायची! मी बादली चुकीच्या हातात धरली म्हणून ओरडायची, मी घोड्यासमोर शिंकले म्हणून ओरडायची. आणि जिथे छप्पर उडेल इतकं ओरडायला हवं होतं तिथे ही गप्प! पुढे कधीतरी मी तिला हे विचारलं, तर म्हणाली, "तू किती आशेनं बघत होतीस. क्लास दुसऱ्या दिवशी होता, पोती तू जाळली होतीस. म्हटलं, महिनाभर निभावू." निभावू म्हणे.

ज्यांनी खोगीर कधी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. खोगीर घोड्याच्या पाठीसारखं दोन्ही बाजूंना उतरतं असावं लागतं. त्याच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो, त्यावर कातडं, खाली लोकरीची भर. ते पाठीच्या आकारावरच ठेवावं लागतं. सपाट जागेवर ठेवलं की ते फाकतं, त्यातून वर दुसऱ्याचं वजन असेल तर आणखी फाकतं, आणि भर एका बाजूला गोळा होते. भुशाची ती घाणेरडी पोती म्हणजे अक्कानं केलेल्या घोड्यांच्या पाठी होत्या. मी त्या म्हशींना खाऊ घातल्या. वर मे महिना, पत्र्याची खोली... तीन आठवड्यांत मैनाचं खोगीर पाट मांडल्यासारखं पसरलं. अक्का रोज कसताना खाली हात घालायची, डोळे मिटून चाचपायची, आणि जिथे कमी पडेल तिथे जुन्या गोधडीच्या घड्या घालायची. आज एक घडी, परवा दोन. मला ते दिसत होतं. मला वाटायचं, काय ही बाईची सवय, एवढ्या चांगल्या खोगिराखाली चिंध्या!

शेवटच्या रविवारी पालकांसमोर मुलांचा कार्यक्रम होता. मी ठरवलं की अक्कानं साडी नेसायचीच. ती एरवी यांची जुनी पँट घालून कमरेला दोरी बांधायची, आणि डॉक्टर-वकिलांच्या बायका येणार होत्या. मी तिला माझी नारायणपेठ नेसवली. तिनं वीस मिनिटं मला शिव्या दिल्या आणि मी वीस मिनिटं निऱ्या घातल्या. "सुमे, घोडी कसायचीयत." "कसते हो मी, रोज बघते ना!" असं मी म्हटलं, आणि ती काष्टा हवा की नको यावर कुरकुरत असताना पळत बाहेर गेले आणि मैनावर खोगीर चढवलं. गोधडीचा तुकडा हातात घेतला. कळकट, भोकं पडलेला, एका टोकाला कुणाच्या तरी लहानपणच्या झबल्याचं फूल... पालकांसमोर हे? मी तो तुकडा कठड्यामागे टाकून दिला, आणि पोटाखालचा तंग आवळला. चांगला आवळला. मला फार अभिमान वाटला.

नीता तिसऱ्या फेरीला पडली. मैना उधळली वगैरे नाही. ती नुसती थांबली, एक खांदा खाली केला आणि पोरीला घरंगळू दिलं. जितकं हळू पाडता येईल तितकं हळू पाडलं तिनं, पण मनगट गेलंच. आमचे हे धावत गेले, पोरीला तिच्या वडिलांच्या हातात दिलं, आणि मग येऊन खोगीर काढलं. पाठीच्या कण्यावर, रुपयापेक्षा मोठी, लालभडक जागा. तीस माणसं बघत होती.

"हे कुणी कसलं?" यांनी विचारलं.

मी कोकम सरबताचा ट्रे घेऊन उभी होते. पेल्यांचा आवाज व्हायला लागला, म्हणून मी ट्रे पोटाशी धरला. अक्का नारायणपेठ सावरत आली. तिनं मैनाची पाठ बघितली, जमिनीवर गोधडी शोधली, कठड्यामागे बघितलं. मग एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"मी," ती म्हणाली. "घाईत हात घालून बघायचं राहिलं."

"घोड्यांतलं कळतं म्हणतेस, आणि हे?"

"चुकलं, दिगू."

हे एवढे लाल झाले होते की दुसऱ्या दिवशी घोडी बाजारात गेलीच असती. पण अक्का त्यांची बहीण होती, लहानपणापासून ओळखून होती. सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणाली, "दिगू, मला शिस्त नाही हेच खरं. तू रोज सकाळी येऊन खोगिरं तपास. तुझा शेरा मिळाल्याशिवाय एकही घोडं बाहेर काढणार नाही." तपास म्हटल्यावर आमच्या यांचा चेहराच बदलला! अर्धा मिनिट विचार केल्यासारखं करून म्हणाले, "सहा वाजता येईन." घोडी राहिली.

संध्याकाळी मी तबेल्यात गेले तेव्हा ती मैनाच्या पाठीला हळद आणि लोणी लावत होती. नारायणपेठवर सगळीकडे हळद. मी दारातच रडायला लागले.

"आत येऊन रड. नाहीतर रडू नको. दारात मैना बिचकते."

"मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते."

"सांगून काय होईल? तुला आठ दिवस बोलेल आणि घोडी विकेल. आत्ता त्याला वाटतंय मी चुकले. म्हणजे आता तो मला सुधारणार. माझ्या भावाला कुणी सुधारायला मिळालं की तो खूश असतो."

"पण चूक माझी होती ना, अक्का."

"फळी तुझी. गोधडी तू टाकलीस. पण बसायच्या आधी हात घालायचं काम माझं होतं. तू मला साडी नेसवलीस, माझे हात नव्हते ना निऱ्यांत खोचले?" मग लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "घे. हळू लाव. केसांच्या दिशेनं."

इथे तुम्हाला वाटेल की ही बाई संत होती. मुळीच नाही! त्या दिवसापासून तिनं एक शब्द शोधून काढला, 'फळी'. मला निफाडला जाऊन गवताच्या पेंढ्या आणायचा कंटाळा आला की ती शांतपणे म्हणायची, "फळी." मी स्कूटर काढायची. दिवाळीत पाहुणे असताना घोड्यांना खरारा करायचा असला की "फळी." सून आली, तिच्यासमोर "फळी." सून म्हणाली, आई, कसली फळी? मी म्हटलं, स्वयंपाकघरातली. माझ्या वयाच्या साठाव्या वर्षी ती मला "फळी" म्हणून बाभळीच्या काट्यांवरून पलीकडे पाठवायची. आणि मी जायची.

पहिलं 'फळी' तिनं म्हटलं ते नवी घडवंची करताना. पाऊस सुरू व्हायच्या आत भिंतीवर खोगिरांसाठी जागा करायची होती, आणि माझ्या फळ्यांवर तिचा विश्वास नव्हता, तसा सुतारावरही नव्हता. तो मांडणी काढायला आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, तुमी सामान म्हनल्या. खोगीर म्हनल्या असत्या तर मी सपाट फळी कशाला ठोकली असती?" अक्कानं ऐकलं आणि अख्खा दिवस हसत होती. तिनं सासऱ्यांचा शेवटचा टांगा, जो बागेत कुजत पडला होता, त्याच्या दांड्या करवतीनं कापायला घेतल्या. यांनी बघितलं आणि "बापूंचा टांगा!" म्हणून किंचाळले. अक्का म्हणाली, "बापूंचा टांगा वाळवी खातेय. तपासलास का कधी?" हे आत गेले.

मग तिनं एक जाड तार घेतली, प्रत्येक घोड्याच्या पाठीवर दाबून वाकवली आणि तसाच आकार कोळशानं भिंतीवर काढला. पाच घोड्यांच्या पाच पाठी. मी टेप घेऊन उभी. म्हटलं, अक्का, सगळ्यांचं सरासरी माप काढून एकसारखं करू, दिसायला चांगलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी टेप पदरात लपवली. प्रत्येक खोगिराला दोन-दोन दांड्या, घोड्याच्या फासळ्यांसारख्या, वरून गोल तासलेल्या, त्या त्या पाठीच्या उतारानं बसवलेल्या. एक जोडी रुंद, एक अरुंद, एक कलती, कारण बादशहा एका अंगाला कलूनच उभा राहायचा. रांगेत दोन जोड्या सारख्या नाहीत. त्या वेळी मला ते बघून डोळ्यांत खुपायचं, आजही थोडं खुपतंच.

आणि या दांड्या भिंतीत नुसत्या ठोकायच्या नाहीत म्हणे. वजनानं उपटून येतात. त्या भिंतीच्या आरपार न्यायच्या आणि पलीकडून पाचर ठोकायची. पलीकडे काय होतं? माझं स्वयंपाकघर! मी म्हटलं, "अक्का, ओट्याच्या वर लाकडं येतील." "फळी," ती म्हणाली. मी छिन्नी धरली. चार दिवस आम्ही दोघी भोकं पाडत होतो, ती तिकडून, मी इकडून, आणि मध्ये भेट झाली की ती भोकातून डोळा लावून विचारायची, "आज भाजी काय?" पिठात विटांचा चुरा, डाळीत चुना. तेव्हापासून माझ्या ओट्यावर टांग्याच्या दांड्यांची दहा टोकं बाहेर आलेली आहेत. त्यांवर मी चाळणी, झारा, किसणी अडकवते. पाहुण्यांना वाटतं ही काही गावाकडची हौस आहे. पलीकडे अक्का खोगीर उचलायची की इकडे टोक हलायचं आणि झारा पडायचा. झारा पडला म्हणजे मैना निघाली, किसणी पडली म्हणजे बादशहा. अशा पद्धतीनं मी माझा संसार केला आहे, याची नोंद व्हावी.

आणि सकाळी सहाला हे. रोज. हात धुऊन यायचे, पाची खोगिरांखाली हात घालायचे, भुवया आवळायच्या आणि म्हणायचे, "समाधानकारक." यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. लगाम कुठल्या टोकाला असतो तेवढं कळतं. अक्का मात्र शेजारी काठीसारखी ताठ उभी राहायची, शाळेच्या हेडबाईसारखी, आणि शेरा मिळाला की "बरं, दिगू" म्हणायची. ते गेल्यावर ती स्वतः हात घालायची. खरं तपासणं ते. हे मी भिंतीच्या फटीतून बघायची. एका माणसाला सगळं येतं आणि ती मान खाली घालून उभी, दुसऱ्याला काहीच येत नाही आणि तो शेरा देतोय, आणि तिसरी, जिच्यामुळे हे चाललंय, ती पलीकडे कांदा चिरतेय.

मैना म्हातारी होऊन गेली. बादशहा गेला. शेवटचं घोडं जाऊनही नऊ वर्षं झाली. खोगिरं मात्र तिथेच, अक्का दर आठवड्याला तेल लावायची, आणि हे निवृत्त होऊनही सहाला जायचे. ज्यांच्यावर बसायला कुणी नाही, ज्यांच्याखाली घोडं नाही, त्या खोगिरांची तपासणी! मी चिडले की अक्का म्हणायची, "असू दे गं. तेवढ्या निमित्तानं येतो." मग दोघं खाटेवर बसून चहा प्यायची. तो चहा मी पोचवायची.

म्हणून तर सांगायची भीती वाटत होती. अक्का गेल्यावरही हे सहाला जात होते. टोकं हलायची, झारा खणखणायचा, पलीकडून "समाधानकारक" ऐकू यायचं, "बरं, दिगू" यायचं नाही. मी खरं सांगितलं तर त्यांचं ते सकाळी जाणंच खोटं पडणार. नाही सांगितलं तर अक्काच्या नावावर ती पाठ राहणार. पण हे सगळं लिहून झालं, आणि आमच्याकडे पेपर आधी हेच वाचतात. गेल्या मंगळवारी दुपारी चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं.

त्यांनी चौकशी सुरू केली. फळ्या किती होत्या? सुताराला नेमके शब्द काय सांगितले? गोधडी कुठल्या बाजूला टाकली? मी सगळी उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, "म्हणजे तिनं हात घातला नव्हता, कारण तू तिला साडी नेसवत होतीस."

"हो."

"आणि तिनं मला इतकी वर्षं तपासू दिलं."

"हो."

मग ते उठले आणि सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना परत पाणी घातलं. संध्याकाळी ओसरीवरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, मोठ्यानं, शाळेत बोलायचे तसा. "नीता, तेराव्याला मी जे बोललो त्यात दुरुस्ती आहे... नाही, चूक अक्काची नाही. आमच्या घरातून झाली. हो, हिची... बाकीच्यांनाही कळव." जेवताना दोन भाकऱ्या खाल्ल्या, माझ्याकडे बघितलं नाही. बघायलाच हवं होतं असं काही नाही.

बुधवारी सहा वाजले. सव्वासहा झाले. ओट्यावरचं एकही टोक हललं नाही. मी गॅस बारीक केला आणि मागे गेले. हे घडवंचीसमोर उभे होते, हात पाठीमागे.

"काय झालं?"

"मी काय बघत होतो गं इतकी वर्षं?" ते म्हणाले. "मला वाटायचं, मऊ लागलं म्हणजे ठीक."

"तिला विचारायचं एकदा."

"तिला कसं विचारणार? तपासनीस मी होतो." त्यांनी पाठीमागचे हात सोडले. मग म्हणाले, "आज हात तू घाल."

मी मैनाच्या खोगिराखाली हात घातला. कातडं गार होतं. लोकर, मग तासलेली दांडी, मग पुन्हा लोकर... आणि डाव्या बाजूला, बोटभर आत, काहीतरी टणक.

"कसं आहे?" यांनी विचारलं.

"इथे काहीतरी लागतंय."

त्यांनीही हात घातला. माझ्या बोटांवरून चाचपत तिथे पोचले. आम्ही दोघं एकाच खोगिराखाली हात घालून बराच वेळ उभे राहिलो. ते तसं असायला हवं की नको, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.